न पाहिलेले डोंगर

चित्रकार म्हटला की त्याच्यासमोर काहीतरी बसलेले असायचेच, अशी आपली साधी समजूत असते. एखादी सुरई आणि दोन आंबे असतील, डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी असेल, नाही तर नदीचा घाट आणि त्यावरचे देऊळ असेल. चित्रकाराने मान वर करून पाहावे, मान खाली घालून काढावे, आणि मागून येणाऱ्याने खांद्यावरून डोकावून म्हणावे, "वा! अगदी हुबेहूब!" आपल्याकडे चित्राची याहून मोठी स्तुती नाही. पण चित्रकारांची एक लहानशी जात अशीही आहे, की ज्यांच्यासमोर काहीच बसलेले नसते. त्यांनी मान वर केली तर पुढे कोरी भिंत. त्यांना काढायचे असतात शनीच्या चंद्रावरचे कडे, मंगळावरची पहाट, कुठल्याशा ताऱ्याभोवती फिरणारी जमीन. जिथे कुणी गेलेले नाही, आणि जिथून परत येऊन "हुबेहूब" म्हणायला कुणी उरलेले नाही, अशी ठिकाणे! या मंडळींविषयी मला फार दिवसांपासून जिव्हाळा वाटत आला आहे.

या जिव्हाळ्याचे एक कारण धंद्यातले आहे. दिवसा मी मुलांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीत एक गाव आहे. त्या गावाला एक खाडी आहे, खाडीवर मोडका साकव आहे, आणि साकवापलीकडे पोस्टमास्तराचे कौलारू घर आहे. एका सज्जन वाचकाने मला पत्र लिहून विचारले, की पुढच्या सुटीत तिकडे जाण्याचा विचार आहे, तरी एस. टी. कुठली धरावी? मी त्यांना काय कळवणार? ते गाव माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे, आणि तिथे अजून एस. टी. जात नाही. पण पत्र वाचून मला जो आनंद झाला तो कुठल्याही परीक्षणाने झाला नाही.

दुसरे कारण एका पुस्तकाचे आहे. काही वर्षांपूर्वी मुंबईस गेलो असताना पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मला 'द काँक्वेस्ट ऑफ स्पेस' नावाचे, १९४९ साली निघालेले एक इंग्रजी पुस्तक सापडले. मजकूर विली ले याचा आणि चित्रे चेस्ली बोनस्टेल याची. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या वेशीबाहेर फारसे गेलेले नाही. त्यामुळे मजकूर मी पुढे कित्येक महिने कोश उघडून ओळीओळीने वाचला. चित्रे मात्र परतीच्या गाडीत, खिडकीशी बसून, एकाच बैठकीत पाहून झाली. गाडी पनवेलच्या पुढे केव्हा गेली ते मला समजले नाही. मी त्या वेळी चंद्रावर होतो.

हा बोनस्टेल मोठा मजेदार मनुष्य. १ जानेवारी १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचा जन्म झाला. सतरा वर्षांचा असताना, १९०५ साली, तो माउंट हॅमिल्टनच्या डोंगरावर असलेल्या लिक वेधशाळेत गेला आणि तिथल्या दुर्बिणीतून त्याने शनी पाहिला. घरी येऊन त्याने लगेच त्या शनीचे चित्र काढले. पुढच्याच वर्षी, १९०६ च्या एप्रिलमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला तो प्रसिद्ध भूकंप झाला, गावाला आग लागली, आणि त्या आगीत ते चित्र जळून गेले. दुसरा एखादा असता तर शनीचा नाद धरल्याचे हे फळ, असे म्हणून गप्प बसला असता. बोनस्टेलही गप्प बसला. पण तो अडतीस-एकोणचाळीस वर्षांपुरताच!

मधल्या काळात त्याने काय काय केले ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यातले काहीच वाया गेले नाही. तो वास्तुशास्त्र शिकायला न्यूयॉर्कला गेला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगच्या दर्शनी बाजूच्या रचनेत त्याचा हात होता. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधायचा होता तेव्हा, अजून न झालेला पूल लोकांना डोळ्यांनी दिसावा म्हणून त्याची चित्रे यानेच काढली. मग पन्नाशीच्या सुमारास तो हॉलीवूडला गेला. तिथे सिनेमासाठी काचेवर वाडे, शहरे, आभाळे रंगवण्याचे काम असे. खरा नट आणि रंगवलेला वाडा पडद्यावर एकत्र आले की प्रेक्षकाला सांधा दिसता कामा नये. १९४१ च्या 'सिटिझन केन'मध्येही त्याचे असे काम आहे. न बांधलेला पूल खरा वाटावा असा काढणे आणि नसलेला वाडा असलेल्या माणसाशेजारी उभा करणे, या दोन विद्या हाती आल्यावर त्याला जुना शनी आठवला.

आता शनी काढायचा, तर तो कुठे उभे राहून काढायचा? बोनस्टेलने ठरवले, की शनीच्या चंद्रांवर उभे राहून. आणि इथेच मला तो फार आवडतो. मनाला येईल तेवढा शनी त्याने काढला नाही. त्याने आकडे मांडले. टायटन हा शनीचा सर्वांत मोठा चंद्र शनीपासून सुमारे बारा लाख किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावरून शनी किती मोठा दिसेल? आपल्याला पौर्णिमेचा चंद्र दिसतो त्याच्या सुमारे दहापट रुंद. मिमास नावाचा चंद्र फार जवळचा. तिथून पाहिले तर क्षितिजापासून डोक्यापर्यंतच्या आभाळाचा एकतृतीयांशाहून जास्त भाग शनीच व्यापून टाकील. शनीची कडी टायटनवरून आपल्याला चित्रात दिसतात तशी पसरट दिसणार नाहीत. टायटन त्यांच्याच पातळीत फिरतो, म्हणून ती एका रेघेसारखी कडेने दिसतील. सूर्य कुठल्या बाजूला, उजेड किती, सावली कुठे, हे सारे त्याने असेच बसवले. कित्येकदा तो आधी मातीचे लहान डोंगर करी, त्यांचे छायाचित्र घेई आणि त्यावर रंग चढवी. ही चित्रे २९ मे १९४४ च्या 'लाइफ' साप्ताहिकात छापून आली. महायुद्ध ऐन भरात होते. बॉम्ब, बोटी आणि जखमी सैनिक यांच्या त्या दिवसांत वाचकाने पान उलटले आणि समोर निळ्याभोर आभाळात, बर्फाच्या कड्यांवर, शनीची शांत कोर लटकत होती.

पुढे १९५२ ते १९५४ या काळात 'कॉलियर्स' साप्ताहिकात अवकाशप्रवासावर एक लेखमाला निघाली. तिच्यात लिहिणाऱ्यांत मुख्य होता वेर्नर फॉन ब्राउन, आणि चित्रे काढणाऱ्यांत बोनस्टेल. याच ब्राउनने बनवलेले व्ही-टू अग्निबाण युद्धात लंडनवर पडले होते आणि ते कैद्यांकडून राबवून घेऊन बनवले गेले होते, हेही इथे विसरून चालणार नाही. ब्राउन आराखडे काढून पाठवी. बोनस्टेल त्यांवर प्रश्न करून, चुका दाखवून ते परत धाडी. ब्राउननेच हे लिहून ठेवले आहे. शास्त्रज्ञाचा आराखडा चित्रकाराने तपासायचा, ही गोष्ट एका शाळामास्तराला किती सुखावते म्हणून सांगू! मुद्दा असा, की १९५२ साली पृथ्वीभोवती एक साधा उपग्रहही फिरत नव्हता. चंद्रावर जाणे ही थट्टेची बाब होती. ती थट्टा न राहता लोकांना शक्य वाटू लागली, त्यात या चित्रांचा वाटा मोठा आहे.

आणि मग १९६९ साल उजाडले. २० जुलैला माणूस चंद्रावर उतरला. पुढची तीन वर्षे आणखी माणसे तिथे गेली, त्यांनी शेकडो छायाचित्रे आणली, आणि असे दिसून आले, की बोनस्टेलच्या चंद्रावरचे डोंगर चुकलेले आहेत.

त्याचे डोंगर सुळक्यांचे होते. आपल्या नाणेघाटाला लाजवतील असे उभे कडे, धारदार शिखरे, काळ्या आभाळात घुसलेले भाले. खरे डोंगर निघाले गोलसर, झिजलेले. नांगरून पाऊस पडून गेलेल्या ढेकळासारखे. बोनस्टेलचा तर्क काही वेडगळ नव्हता. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही. मग डोंगर झिजवणार कोण? जन्मले तसेच ते धारदार उभे असणार. पण अब्जावधी वर्षे आभाळातून बारीक बारीक कण चंद्रावर आदळत आले आहेत आणि त्यांनी सारी टोके बोथट करून टाकली आहेत. तर्क सरळ होता, पण त्यात एक कारण यायचे राहिले होते.

मौज अशी, की हे एका चित्रकाराने आधीच काढून ठेवले होते. फ्रान्समध्ये ल्युसियाँ रुदो नावाचा गृहस्थ होता. नॉर्मंडीत त्याची स्वतःची वेधशाळा होती आणि चित्रकलाही त्याच्या हातात होती. १९३७ साली त्याने पॅरिसमध्ये इतर ग्रहांच्या चित्रांचे एक सुंदर पुस्तक काढले. त्याच्या चंद्रावरचे डोंगर गोलसर आहेत. का, तर तो रात्री रात्री दुर्बिणीतून चंद्राची कड पाहत बसे. चंद्र खरोखरच सुळक्यांचा असता तर त्याची कड करवतीसारखी दिसली असती. ती तशी दिसत नाही. एवढी साधी गोष्ट! पण गोलसर डोंगरांचा रुदो मागे राहिला आणि सुळक्यांचा बोनस्टेल घरोघर गेला. चंद्रावर जावेसे वाटायला चंद्रावर चढण्याजोगे काही असावे लागते, असे तर नसेल?

बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयात बोनस्टेलने चंद्रावरच्या देखाव्याचे एक भित्तिचित्र केले होते. चाळीस फूट लांब, दहा फूट उंच. १९५७ साली ते लागले. १९७० साली ते उतरवण्यात आले, कारण ते आता चूक ठरले होते. संग्रहालयाचे काहीच चुकले असे मला म्हणवत नाही. मुले विज्ञान शिकायला येतात तिथे चुकीचा चंद्र कसा ठेवायचा? पण ते चित्र उतरवणाऱ्या कामगारांच्या हातांचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. तेरा वर्षे ज्या चित्राखाली उभे राहून मुलांनी चंद्रावर जाण्याचे मनात आणले, ते चंद्रावर माणसे गेल्यामुळेच भिंतीवरून खाली आले.

टायटनचे तर याहून पुढचे. नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर-१ हे यान त्याच्याजवळून गेले, आणि छायाचित्रांत दिसला एक नारिंगी, धुरकट गोळा. निळे आभाळ नाही, आणि इतक्या दाट धुक्यातून शनी दिसण्याचा प्रश्नच नाही. बोनस्टेल तेव्हा ब्याण्णव वर्षांचा होता. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स नावाचे छोटे यान हवाई छत्रीने टायटनवर उतरले. तेव्हा तिथली जमीन दिसली: उणे एकशे ऐंशी अंशांच्या थंडीत पडलेले बर्फाचे गोल गोटे, आणि वर मळकट नारिंगी उजेड. हे पाहायला बोनस्टेल नव्हता. ११ जून १९८६ रोजी तो वारला होता.

तेव्हा, जिथे जाऊन पडताळा घेता आला तिथे तिथे हा मनुष्य बराचसा चूक निघाला. शनी किती मोठा दिसेल ते त्याने बरोबर काढले. पण ज्या ठिकाणाहून काढले तिथून शनी दिसतच नाही. मग त्याला काय म्हणावे? खोटा म्हणावे?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. तो वर्गातून पडला आहे.

चौथीच्या मुलांना मी एकदा चित्र काढायला सांगितले होते: 'माझे वडील काम करतात ती जागा.' कुणी भाताचा मळा काढला, कुणी रिक्षा, कुणी होडी, एकाने वाण्याचे दुकान आणि त्यात स्वतःच बसलेला. एका मुलीचे वडील दुबईच्या बाजूला बांधकामावर आहेत. ती कधी तिकडे गेलेली नाही. सुटीच्या दिवशी फोनवर वडील दिसतात. त्यांच्या मागे एक पिवळी भिंत दिसते, भिंतीवर एक खिळा आणि वर अर्धी ट्यूबलाइट. एवढ्यावरून तिने सारी खोली काढली. भिंत पिवळीच, खिळा जिथल्या तिथे, त्याला टांगलेला शर्ट. बाकीच्या कोऱ्या जागेत फुलाफुलांच्या चादरीचा पलंग, आईसाठी एक खुर्ची, आणि मोठी खिडकी. खिडकीत समुद्र आणि समुद्रावर बराच वर असलेला सूर्य. मी विचारले, "अगं, फोन तर तुम्ही संध्याकाळी लावता, आणि हा सूर्य एवढा वर कसा?" ती म्हणाली, "गुरुजी, तिकडचं घड्याळ दीड तास मागे असतं. आमच्याकडे तुळशीपाशी दिवा लावतात ना, तेव्हा तिकडे अजून ऊन असतं."

मी ते चित्र वर्गाच्या भिंतीवर लावले. मिमासवरून शनी केवढा दिसेल याचे गणित मांडणारा बोनस्टेल मला त्या दिवशी चौथीच्या बाकावर बसलेला दिसला.

मे महिन्यात तिचे वडील रजेवर आले. दाखल्याच्या काही कामासाठी ते शाळेत आले होते. काम झाल्यावर म्हटले, मुलीचे चित्र बघून जा. ते चित्रापुढे उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, आमी आठ जण ऱ्हातो एका खोलीत. खाटेवर खाट. खिडकी नाय." जरा थांबून म्हणाले, "तेवढी एक भिंत बरी हाय, म्हणून फोन लावताना तिथं उभा ऱ्हातो."

यावर काय बोलायचे असते? मी मॅट्रिक झालेला मास्तर आणि चार कादंबऱ्यांचा लेखक; मला एकही वाक्य सुचले नाही. त्यांनीच विचारले, "तिला सांगाल काय?" मी म्हटले, "ते माझं काम नव्हे." त्यांनी बोटाने खिडकीच्या चौकटीला हात लावला आणि ते गेले.

ते चित्र काढून ठेवावे की नाही, याचा मी पुढे बरेच दिवस विचार केला. भिंतीवर ठेवावे तर ती चूक आहे, हे मला आता ठाऊक झालेले. उतरवावे तर मुलगी विचारणार, का? मला उलगडत गेले ते असे, की चूक आणि खोटे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला ठाऊक असून जो दुसरे दाखवतो, त्याचे चित्र खोटे. ज्याने ठाऊक असलेले सगळे, अगदी खिळा आणि दीड तासाचे ऊनसुद्धा, इमानाने वापरले आणि उरलेली जागा आपल्या मायेने भरली, त्याचे चित्र चूक असेल, खोटे नाही. आणि भिंत निवडून तिच्यापुढे उभा राहणारा बाप? त्याला खोटा म्हणायला माझी जीभ उचलत नाही. एकाच खोलीची ती दोन चित्रे होती. एक मुलीने बापासाठी काढलेले, एक बापाने मुलीसाठी.

ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांची चित्रेही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. रशियाचा अलेक्सेई लिओनॉव्ह १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर येऊन अवकाशात तरंगला. असे करणारा तो पहिला मनुष्य. त्याने बरोबर रंगीत पेन्सिली नेल्या होत्या, उडून जाऊ नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेल्या, आणि त्याच प्रवासात त्याने सूर्योदयाचे लहानसे चित्र काढले. अमेरिकेचा ॲलन बीन १९६९ च्या नोव्हेंबरात चंद्रावर चालून आला आणि १९८१ साली नोकरी सोडून चित्रकार झाला. आपल्या पोशाखावरच्या बिल्ल्यांना चिकटलेली चंद्राची धूळ तो रंगात मिसळी. यापेक्षा खरे चित्र कुठले? पण त्यानेही करड्या चंद्रावर जांभळे, हिरवे, सोनेरी रंग चढवले. डोळ्यांनी पाहून आलेल्या माणसालासुद्धा नुसते पाहिलेले पुरले नाही!

ती मुलगी आता सहावीत आहे. परवा पोरांच्या गलक्यातून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, बाबा नेहमी त्याच भिंतीपाशी का उभे राहतात? फोन घेऊन इकडे तिकडे फिरत का नाहीत?" मी म्हटले, "बाबांनाच विचार की." तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि "बरं" म्हणून ती गेली. मला वाटते, तिला उत्तर सापडू लागले होते. चंद्राची कड करवतीसारखी दिसत नाही, हे रुदोलाही असेच एका रात्री जाणवले असेल.

तिचे चित्र आता भिंतीवर नाही. वर्गाला चुना लावायच्या वेळी सगळीच चित्रे उतरवली. ते मी कपाटात नीट गुंडाळून ठेवले आहे. बॉस्टनचे ते चाळीस फुटी चित्रही टाकून दिले गेले नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने ते आपल्याकडे घेतले आणि जपले. बोनस्टेलच्या नावाचा एक लघुग्रह आहे, मंगळावर एक विवरही आहे. ज्यांनी त्याच्या चुका शोधल्या, त्यांच्याच जातीच्या माणसांनी ही नावे दिली आहेत. मला हे फार सभ्यपणाचे वाटते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मुले सुटीत घरी असतील. किल्ला करून झाला असेल, फराळाच्या डब्याशी दोन-चारदा झटापट झाली असेल, आणि "आता काय करू?" म्हणून ती आपल्यामागे लागतील. त्यांच्यापुढे कागद आणि रंगपेटी टाका. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. चंद्र पाहून काढायची सोय नाही. त्यांना म्हणावे, तुम्हीच काढा. डोंगर सुळक्यांचे निघाले तर निघू द्या. फक्त एक विचारा: "सूर्य कुठे आहे, आणि सावली कुठल्या बाजूला पडते?" पोरगे खरे चित्रकार असेल तर त्याच्याजवळ उत्तर तयार असेल.